एका पुडीतले तीन नीलम

नागपूरची इतवारी, सराफा ओली. अर्धी शटरं आत्ता कुठे वर चाललीत, आणि हे बघा, कारागीर काकांनी कागदाची पुडी उघडली, आत तीन निळे खडे. तिन्ही नीलम म्हणूनच विकतात, पण तिघांना सांभाळायची रीत वेगळी, आणि घेताना हे कोणी विचारतच नाही. रत्ती किती ते विचारतात, शनिवारी घालायचा का ते विचारतात.

आता भिंगातून बघा, दहापट मोठं दिसतंय. पहिल्यात रेशमासारख्या बारीक सुया आहेत ना, त्या रुटाइलच्या, खडा जमिनीखाली घडताना आत तयार झालेल्या. त्या शाबूत आहेत म्हणजे खडा जोरात तापवलेला नाही. बाजारातला बराचसा खरा नीलम रंग खुलवायला तापवलेलाच असतो, त्यात फसवणूक नाही, पण सांगून विकायला पाहिजे. दुसऱ्यात रंगाच्या रेषा बघा, कशा वळल्यात, रेकॉर्डच्या तबकडीवर असतात तशा. हा जमिनीतला नाही, भट्टीत बनवलेला. व्हर्नुई नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये माणिकासाठी जी पद्धत जाहीर केली, पुढे तिच्यातूनच असे नीलम बनायला लागले. आणि तिसरा... जरा हलवला की आत चमक धावते, बारीक बुडबुडे दिसतात. चिरांमध्ये काच भरलीय.

काका अंगठी जोडायला घेतात तेव्हा खडा आधी काढून बाजूला ठेवतात, मगच ज्योत. नीलमची कठीणता मोह्सच्या मापावर दहापैकी ९, नैसर्गिक रत्नांत त्याच्याहून कठीण हिराच, तरी जोडताना लावतात तो सुहागा, म्हणजे टाकणखार, तापला की खऱ्या नीलमचंही पॉलिश खातो. काचवाल्याला तर एवढंही लागत नाही, लिंबू पुरतं.

ही माझ्या आईची अंगठी. घेताना खड्यात काच भरलीय म्हणून कोणी सांगितलं नव्हतं, उन्हाळाभर बोटात ठेवूनच लिंबाचं सरबत केलं.

घरी धुवायचं म्हणजे कोमट पाणी, दोन थेंब साधा साबण आणि मऊ ब्रश, तोही मागच्या बाजूने, कारण मळ तिथेच साचतो. ठेवायचा वेगळ्या पाकिटात, मोत्यासोबत नाही, हिऱ्यासोबतही नाही. आणि बिलावर नुसतं 'नॅचरल' लिहून चालत नाही, तापवलाय की काच भरलीय ते लॅबच्या रिपोर्टवर आलं पाहिजे, पैसे त्यानंतर.

काकांनी दोन खडे पुडीत परत ठेवले. तिसऱ्याला वेगळी पुडी, वर पेनाने लिहिलंय, काच.