सारखं म्हणजे किती सारखं?

(पडद्यावर दोन नोंदी शेजारी शेजारी उमटतात.)

डावीकडची नोंद : मोबाईल, रंग निळा, साठवण 128 जीबी, दोन सिम. उजवीकडची : स्मार्टफोन, ब्लू, 128, ड्युअल सिम, चार्जर नाही. वस्तू एकच आहे का? तुम्ही एव्हाना 'हो, बहुतेक' म्हणून मोकळेही झाला असाल. यंत्राला मात्र हे 'बहुतेक' आकड्यात मांडावं लागतं. 0.7 की 0.9? आणि कितीच्या वर गेलं की 'एकच' म्हणायचं?

ऑनलाइन दुकानात एकच माल दहा विक्रेते दहा तऱ्हांनी नोंदवतात. नोकरीच्या संकेतस्थळावर अर्ज आणि जागा यांची जोडी लावायची असते. शिकण्याच्या संकेतस्थळावर शिकणारा आणि धडा यांची. वरवर तिन्ही कामं वेगळी दिसतात, आत गणित एकच. रकान्यांत भरलेल्या दोन नोंदी घ्यायच्या आणि त्या किती जुळतात ते सांगायचं.

कधी कधी हे काम फार सोपं असतं. 26 जून 1974 ला अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ट्रॉय नावाच्या गावातल्या सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचं एक पाकीट स्कॅनरवरून सरकलं. दुकानात बारकोड वाचून झालेली ती पहिली विक्री मानली जाते. बारकोड असला की वाद संपला. आकडा जुळला की वस्तू जुळली. पण वापरलेल्या गाडीला, हाताने घडवलेल्या वस्तूला, नोकरीच्या जागेला, अपूर्णांकांवरच्या धड्याला असा आकडा कुठून आणायचा? आणि जिथे आकडा असतो तिथेही विक्रेता तो भरेलच याची खात्री नाही. मग हाताशी उरतात ते रकाने.

(जुनी नोंदवही, हाताने लिहिलेले जन्माचे तपशील.)

हे कोडं ऑनलाइन दुकानांच्या कितीतरी आधीचं आहे. 1946 साली अमेरिकेतले आरोग्य-आकडेवारीचे तज्ज्ञ हॅल्बर्ट डन यांनी एक कल्पना मांडली : प्रत्येक माणसाच्या आयुष्याचं एक पुस्तक असतं, पण त्याची पानं जन्माच्या, लग्नाच्या, मृत्यूच्या दप्तरांत विखुरलेली असतात. ती गोळा करून बांधणं म्हणजे नोंदींची जुळणी. 1959 मध्ये कॅनडात हॉवर्ड न्यूकम्ब आणि त्यांचे सहकारी हे काम संगणकाकडून करून घेऊ लागले. आडनावांची स्पेलिंगं दप्तरागणिक बदलत, म्हणून ते नावाच्या उच्चारावरून एक छोटा कोड काढत आणि तो जुळवत.

त्यांच्या कामातली एक गोष्ट मला आजही सगळ्यांत हुशारीची वाटते. दोन नोंदींत आडनाव जुळलं, पण ते आडनाव हजारोंचं असलं, तर त्या जुळण्याला फारसं मोल नाही. तेच आडनाव क्वचित आढळणारं असेल, तर एवढ्यानेच पारडं जड होतं. 1969 मध्ये इव्हान फेलेगी आणि ॲलन सन्टर यांनी या अंदाजाला संभाव्यतेचा पक्का पाया दिला. त्यांनी जोड्यांचे ढीग केले तीन : जुळलेल्या, न जुळलेल्या आणि माणसाने डोळ्यांखालून घालाव्यात अशा. हा तिसरा ढीग आजकाल खर्चाच्या नावाखाली गुपचूप उडवला जातो. मग कधी दोन वेगळ्या वस्तूंचे अभिप्राय एकाच पानावर जमा होतात, आणि कुणाला काही कळत नाही.

(एक शब्द मोठा होत जातो. अक्षरं सुटी होतात.)

आता एका रकान्याच्या आत शिरू. 'गणित' आणि 'गणीत'. शुद्धलेखनाच्या दृष्टीने एक बरोबर, एक चूक. संगणकाच्या दृष्टीने दोन वेगळे शब्द, कारण ऱ्हस्व वेलांटीचा कोड वेगळा आणि दीर्घ वेलांटीचा वेगळा. व्लादिमीर लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने 1965 मध्ये अंतर मोजण्याची जी रीत दिली, तिच्यात एका शब्दाचा दुसरा करायला किमान किती चिन्हं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात, ते मोजतात. इथे उत्तर येतं एक. म्हणजे शब्द जवळचे आहेत.

मराठीत याहून नाठाळ प्रकार आहे. 'दऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला 'ऱ' स्वतःचा कोड घेऊन येऊ शकतो, किंवा साधा 'र' आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब, अशा दोन तुकड्यांत येऊ शकतो. तिसऱ्या तऱ्हेत 'र', हलन्त आणि पडद्यावर न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. प्रत्येक अक्षराला कोड देणाऱ्या युनिकोड या मानकाचं प्रमाणीकरण पहिल्या दोन रूपांना एकत्र आणतं. तिसरं वेगळं राहतं, आणि कुणाचा तरी धडा शोधात सापडत नाही. तो का सापडत नाही, हे तो लिहिणाऱ्यालाही उमगत नाही, कारण डोळ्यांना फरक दिसतच नाही.

आकड्यांची गोष्ट निराळी. एका गाडीचं साल 1999, दुसरीचं 2002. किती सारखी? जॉन गॉवर यांनी 1971 मध्ये दिलेल्या पद्धतीत फरकाला सबंध पल्ल्याने भागतात आणि ते एकातून वजा करतात. यादीत 1990 ते 2020 च्या गाड्या असतील, तर 3 भागिले 30, म्हणजे सारखेपणा 0.9. यादी 1998 ते 2003 एवढीच असेल, तर 3 भागिले 5, सारखेपणा 0.4. गाड्या त्याच, सालं तीच. शेजारी कोण बसलंय यावर गुण बदलले.

रकान्यात एकाहून जास्त शब्द असले, म्हणजे टॅग वगैरे, तर सामाईक किती आणि एकूण किती यांचं गुणोत्तर काढतात. पॉल जाकार हा स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्प्समधल्या वनस्पतींची तुलना करताना ते वापरत होता. आज त्याच गुणोत्तराने अभ्यासक्रमांचे टॅग जुळवतात.

(पडद्यावर एक झाड, उलटं : मूळ वर, पानं खाली.)

रकाने सुटे असते तर गोष्ट इथेच थांबली असती. पण नोंदींची झाडासारखी रचना असते. 'तांत्रिक' या फांदीखाली 'फाइलचा प्रकार' आणि 'आकार', 'शैक्षणिक' या फांदीखाली 'पातळी' आणि 'लागणारा वेळ'. 2004 साली कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमधून विरेंद्र भावसार, हॅरोल्ड बोले आणि लू यांग यांनी ऑनलाइन व्यापारासाठी, फांद्यांना वजन दिलेल्या अशा झाडांची तुलना करणारी पद्धत प्रसिद्ध केली. ग्राहकाचं झाड एकीकडे, विक्रेत्याचं दुसरीकडे. प्रत्येक फांदीला नाव आणि वजन, म्हणजे ती किती महत्त्वाची याचा आकडा. एका गाठीतून निघणाऱ्या फांद्यांच्या वजनांची बेरीज एक. तुलना पानांपासून सुरू होते आणि वर चढत मुळाशी पोचते. खालचे गुण वर येताना गुणाकारांत झिजतात, म्हणून त्यांना थोडं उचलून धरणारं एक फलन मध्ये बसवतात. हीच कल्पना पुढे शिकणारा आणि धडा यांच्या जुळणीलाही लावली गेली.

यातल्या एका पायरीपाशी मला थांबायचं आहे. ग्राहकाच्या फांदीवर एक वजन, विक्रेत्याच्या त्याच फांदीवर दुसरं. कुठलं धरायचं? पद्धत सांगते : दोघांची सरासरी. ऐकायला अगदी न्याय्य. आकडे घालून पाहू.

(तक्ता हळूहळू भरत जातो.)

शिकणाऱ्याची वजनं अशी : विषय 0.4, भाषा 0.3, पातळी 0.2, कालावधी 0.1. अभ्यासक्रम देणाऱ्याची : विषय 0.4, भाषा 0.1, पातळी 0.4, कालावधी 0.1. समोर दोन अभ्यासक्रम आहेत. पहिल्यात सगळं जुळतं, फक्त भाषा वेगळी. दुसऱ्यात सगळं जुळतं, फक्त पातळी वेगळी. हिशेब सोपा राहावा म्हणून जुळलं तर एक, नाही तर शून्य.

फक्त शिकणाऱ्याची वजनं धरली तर पहिल्याला 0.7, दुसऱ्याला 0.8. दुसरा वर.

आता सरासरी घ्या. भाषेचं वजन होतं 0.2, पातळीचं 0.3. पहिल्याला 0.8, दुसऱ्याला 0.7.

क्रम उलटला. नोंदी बदलल्या नाहीत, माणूस बदलला नाही, त्याची निकडही तीच. समोरच्या पक्षाने आपल्या फॉर्ममध्ये भाषेला कमी लेखलं, एवढंच झालं. आणि शिकणाऱ्याच्या पडद्यावर सगळ्यांत वर आला तो त्याला न कळणाऱ्या भाषेतला अभ्यासक्रम, शेजारी '80 टक्के जुळतो' अशी हिरवी पट्टी लावून.

ही चूक गणिताची म्हणता येणार नाही. गणिताने सांगितलं तेच केलं. मुळात भाषा ही वजनाने तोलायची गोष्ट आहे का, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. ज्याला दोन भाषा येतात, त्याच्यासाठी ती आवड आहे, वजन लावा. ज्याला एकच येते, त्याच्यासाठी ती अट आहे. तिथे गाळणी लावायची आणि गुण नंतर मोजायचे. व्यापारातही तेच. रंग आवडता नसला तरी चालवून घेता येतो. प्लग सॉकेटमध्ये बसत नसेल, तर बाकी शंभर टक्के जुळूनही उपयोग नाही. अट आणि आवड एकाच बेरजेत घातली की बेरीज खोटं बोलू लागते.

(झाडाची एक फांदी पुसट होते.)

रिकामा रकाना ही पुढची कटकट. विक्रेत्याने 'हमी' भरली नाही, म्हणजे हमी नाही की लिहायचं राहिलं? शून्य दिलं तर आळशी पण प्रामाणिक विक्रेता मागे पडतो. रकाना वगळला तर अडचणीचा तपशील झाकणारा पुढे सरकतो. झाडांच्या त्या पद्धतीत गहाळ फांदी किती साधी किंवा किती पसरलेली आहे, ते पाहून तिला थोडे गुण देतात. एखादं बारीक पान नसलं तर फार बिघडत नाही, अख्खी फांदी नसली तर बिघडतं. तोडगा समजूतदार आहे. पण तो अंदाजच.

आणि धड्यांच्या नोंदींत रिकामे रकाने फार. शिक्षणसामग्रीच्या वर्णनासाठी 2002 मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेने एक मानक आणलं, नऊ विभागांचं. त्यात 'काठिण्य' असा रकाना आहे, अतिसोप्यापासून अतिकठीणपर्यंत पाच पायऱ्यांचा. आता सांगा, 'मध्यम' कुणासाठी? धडा करणाऱ्याला स्वतःचा धडा कठीण वाटेल अशी शक्यता कमीच. यंत्र मात्र त्या 'मध्यम'ला साल किंवा साठवण यांच्याइतकंच ठाम मानतं.

शिकण्याच्या बाबतीत आणखी एक पेच आहे, आणि तो व्यापारातून उचललेल्या कल्पनेमुळे आला. ग्राहकाला बहुधा त्याने मागितलं त्याच्याशी मिळतंजुळतं हवं असतं. विद्यार्थ्याने संख्याशास्त्राची ओळख पूर्ण केली, तर त्याच्याशी सगळ्यांत जास्त जुळणारा अभ्यासक्रम कोणता? संख्याशास्त्राची दुसरी ओळख. मग तिसरी. सारखेपणा अचूक मोजला गेला आणि माणूस जागच्या जागी राहिला. त्याला हवी असते पुढची पायरी, आणि पुढची पायरी मागचीपासून थोडी वेगळी असायलाच हवी. म्हणून जाणकार मंडळी इथे झाडाच्या जोडीला 'आधी काय यायला हवं' याची साखळी ठेवतात. ती हाताने बांधावी लागते, वेळ खाते, आणि म्हणूनच अनेक ठिकाणी नसते.

(पडद्यावर ठिपके. ठिपक्यांमधून रेषा धावतात.)

संख्येचा प्रश्न पटकन उरकू. दहा लाख नोंदी एकमेकींशी ताडायच्या तर सुमारे 50 हजार कोटी जोड्या होतात. इतक्या कुणी तपासत नाही. आधी ढोबळ गट पाडतात, एका प्रकारच्या किंवा एका सालच्या नोंदी एका गटात, आणि तुलना गटातल्या गटात. गट पाडायचा रकानाच चुकीचा भरला असेल, तर ती जोडी कधी समोरासमोर येतच नाही. तिला कमी गुण मिळाले, अशी नोंदसुद्धा कुठे राहत नाही.

हेच तंत्र उलट्या दिशेनेही चालतं. 2006 मध्ये नेटफ्लिक्सने, कुणाला कुठला चित्रपट आवडेल याचा अंदाज बांधण्याच्या स्पर्धेसाठी, सुमारे 4 लाख 80 हजार सदस्यांनी चित्रपटांना दिलेले गुण, नावं काढून, खुले केले. अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी ते आयएमडीबी या चित्रपटांच्या संकेतस्थळावरच्या उघड अभिप्रायांशी ताडले आणि काही माणसं ओळखता येतात हे दाखवून दिलं. सगळ्यांनी पाहिलेल्या चित्रपटांचा त्यात फारसा उपयोग झाला नाही. उपयोगी पडले ते मोजक्यांनी पाहिलेले. 1959 मधलं ते क्वचित आढळणारं आडनाव इथे चित्रपट होऊन आलं. खासगीपणाच्या याच काळजीपोटी स्पर्धेची दुसरी फेरी 2010 मध्ये रद्द झाली.

(पुन्हा तोच तक्ता. वजनांचे आकडे आपोआप बदलू लागतात.)

आता वजनं बहुतेक कुणी हाताने भरत नाही. लोक कशावर टिचकी मारतात ते पाहून यंत्रच ती ठरवतं. यात एक गोम आहे. यादीत पहिल्या जागी जे असतं, त्यावर लोक टिचकी मारतातच, कारण ते पहिलं असतं. यंत्र ते पाहतं आणि आपली वजनं बरोबर होती असं समजून आणखी घट्ट करतं. त्या परभाषेतल्या अभ्यासक्रमावरही टिचक्या पडल्या असतील. लोकांनी तो उघडला, भाषा पाहिली आणि बंद केला. टिचकी मोजली गेली, बंद करणं बहुधा मोजलं गेलं नाही.

यावर एक उपाय वापरतात. थोड्या लोकांना मुद्दाम क्रम बदलून यादी दाखवायची. तिसऱ्या जागेवरची नोंद वर, वरची खाली. मग टिचक्या नोंदीमागे जातात की जागेमागे, ते कळतं. त्या थोड्या लोकांना मात्र आपल्याला बदललेली यादी दिसते आहे, हे सहसा कुणी सांगत नाही.

(तक्ता थांबतो. नामावली सुरू.)