नेम काळजाचा, घाव पोटावर

श्रोतेहो, नमस्कार.

एखाद्या कादंबरीमुळे देशाचा कायदा बदलला, असे साहित्याच्या इतिहासात फार क्वचित म्हणता येते. आणि तो बदल पाहून खुद्द कादंबरीकारच खट्टू झाला, असे तर त्याहूनही क्वचित. अमेरिकन लेखक अप्टन सिंक्लेअर यांच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी आल्या. ते वर्ष १९०६, आणि ती कादंबरी ‘द जंगल’. आज या लेखकाच्या साहित्याविषयी बोलताना मी बराचसा वेळ याच एका पुस्तकाला देणार आहे, कारण पुढच्या साठ वर्षांत त्यांनी जे जे लिहिले, त्या बहुतेक लेखनावर या पुस्तकाच्या विचित्र यशाची सावली पडलेली आहे.

सिंक्लेअर यांचा जन्म २० सप्टेंबर १८७८ रोजी बाल्टिमोर येथे झाला. वडील दारूचे विक्रेते होते आणि त्या दारूनेच त्यांचा संसार धुळीला मिळवला. आईचे माहेर मात्र चांगले सधन होते. त्यामुळे एका रात्री ढेकणांनी भरलेल्या भाड्याच्या खोलीत आणि दुसऱ्या रात्री नातेवाइकांच्या घरी रेशमी पांघरुणाखाली, असे त्यांचे बालपण गेले. श्रीमंती आणि गरिबी यांमधले अंतर त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. चौदा वर्षेही पुरी झाली नव्हती, तेव्हा ते न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात दाखल झाले आणि विनोदी चुटके व मुलांच्या साप्ताहिकांसाठी साहसकथा लिहून स्वतःचा खर्च भागवू लागले. भराभर, न थांबता लिहिण्याची जी सवय तेव्हा हाताला लागली ती अखेरपर्यंत सुटली नाही. सुमारे नव्वद पुस्तके त्यांच्या नावावर आहेत, आणि त्यांतली निम्मी न लिहिती तर बरे झाले असते, असे त्यांच्या चाहत्यांनाही वाटत असेल.

१९०४ च्या उन्हाळ्यात शिकागोच्या कत्तलखान्यांतील कामगारांनी संप केला आणि तो पार मोडला गेला. त्यानंतर कॅन्सस राज्यातून निघणाऱ्या ‘अपील टू रीझन’ या समाजवादी साप्ताहिकाने सव्वीस वर्षांच्या सिंक्लेअर यांना पाचशे डॉलर आगाऊ देऊन, या कामगारांच्या जगण्यावर कादंबरी लिहिण्यास सांगितले. सिंक्लेअर शिकागोला गेले आणि सात आठवडे तिथे राहिले. जुनेपुराणे कपडे घालून, हातात जेवणाचा डबा घेऊन ते कारखान्यांमधून हिंडत. तसा डबा हातात असला की त्या गर्दीत त्यांना कोणी हटकत नसे. संध्याकाळी ते कामगारांच्या घरी बसून त्यांच्या हकिकती ऐकत. कथेला तोंड कसे फोडावे हे मात्र सुचत नव्हते. एका रविवारी एका मद्यगृहाच्या मागच्या खोलीत लिथुआनियातून आलेल्या लोकांचे लग्न चालले होते. सिंक्लेअर तिथे भिंतीला टेकून तासन्‌तास बसले, आणि उठले तेव्हा कादंबरीतली माणसे त्यांना सापडलेली होती.

‘द जंगल’ची सुरुवात त्याच लग्नाने होते. वर युर्गिस रुडकुस हा धिप्पाड, भोळा आणि उमेदीचा लिथुआनियन तरुण आहे, वधू ओना ही नाजूक पोरसवदा मुलगी. लग्नाचा खर्च आहेरातून निघेल असा त्यांच्या गावाकडचा रिवाज. पण शिकागोत आलेले तरुण खाऊनपिऊन, नाचून आहेर न देताच निघून जातात आणि नवे जोडपे पहिल्याच रात्री कर्जात बुडते. संकट कोसळले की युर्गिसचे उत्तर ठरलेले असते: मी आणखी काम करीन. हे उत्तर कसे खोटे पडत जाते, त्याची ही कादंबरी आहे. कुटुंब पंधराशे डॉलरचे घर घेते. तीनशे रोख आणि बाकीचे महिना बारा डॉलरच्या हप्त्याने. करारपत्र त्यांना वाचता येत नाही. पुढे शेजारची एक म्हातारी त्यांना समजावून सांगते की या हप्त्यावर सालाना सात टक्के व्याजही आहे, आणि एक महिना चुकला तरी घर जाईल. त्या संध्याकाळी घरात जी शांतता पसरते तिचे वर्णन वाचताना मला कारखान्यातल्या कुठल्याही बीभत्स दृश्यापेक्षा अधिक धास्ती वाटली. नंतर युर्गिसचा घोटा दुखावतो आणि नोकरी जाते. मुकादम ओनावर जबरदस्ती करतो. ती बाळंतपणात मरते. आणि त्यांचा लहानगा मुलगा रस्त्यावर साचलेल्या पाण्यात बुडून जातो. ही कहाणी सिंक्लेअर यांनी प्रिन्स्टनजवळच्या एका लहानशा लाकडी खोलीत, ऐन हिवाळ्यात लिहिली. वरवर पाहता ती कामगार कुटुंबाची असली तरी आतून ती माझ्याच कुटुंबाची होती, अशी कबुली त्यांनी पुढे दिली. त्या दिवसांत त्यांची पत्नी आणि लहान मूलही थंडीने व पैशांच्या तंगीने हैराण झालेले होते.

या कहाणीच्या ओघात, जाता जाता म्हणावे अशा रीतीने, कारखान्यातल्या मांसाची वर्णने येतात. क्षयाने पोखरलेली गुरे, गोदामात ढिगांवर फिरणारे उंदीर, त्यांच्यासाठी ठेवलेला विषारी पाव आणि ते सगळेच फावड्याने सॉसेजच्या, म्हणजे मसालेदार मांसाच्या नळकांड्यांच्या, यंत्रात लोटले जाणे, खारवण्याच्या खोलीत आम्लाने झिजलेली कामगारांची बोटे. पुस्तकाच्या मानाने ही पाने अगदी थोडी आहेत. वाचकांनी नेमकी तीच उचलली.

कादंबरी १९०५ मध्ये साप्ताहिकातून क्रमशः आली. पाच प्रकाशकांनी ती नाकारली आणि अखेर १९०६ च्या फेब्रुवारीत डबलडे, पेज या कंपनीने तिचे पुस्तक काढले. कादंबरीकार जॅक लंडन यांनी गुलामगिरीविरुद्धच्या गाजलेल्या ‘अंकल टॉम्स केबिन’शी तिची तुलना केली होती. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी लेखकाला भेटीस बोलावले आणि चार्ल्स नील व जेम्स रेनॉल्ड्स या दोघांना शिकागोला चौकशीसाठी धाडले. त्यांच्या अहवालाने घाणीच्या वर्णनांना दुजोरा दिला. ३० जून १९०६ रोजी मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्न व औषधांचा, असे दोन कायदे एकाच दिवशी मंजूर झाले. शुद्ध अन्नासाठी हार्वी वायली हे सरकारी रसायनशास्त्रज्ञ कित्येक वर्षे झगडत होते, हे इथे सांगितलेच पाहिजे. कादंबरीने रचून ठेवलेल्या सरपणाला काडी लावली.

आता या कायद्याच्या तपशिलाकडे पाहा. सिनेटर बेव्हरिज यांच्या मूळ मसुद्यात तपासणीचा खर्च मांस कंपन्यांनी द्यावा आणि डब्यावर तारीख छापावी, अशी कलमे होती. कायदा होईपर्यंत तारखेचे कलम गळाले आणि खर्चासाठी सरकारी तिजोरीतून दरसाल तीस लाख डॉलर मंजूर झाले. म्हणजे बड्या कंपन्यांच्या मालावर सरकारी शिक्का बसला, तोही जनतेच्या पैशातून, आणि युरोपातील गिऱ्हाइकांचा विश्वास परत मिळवण्यास त्यांना तो उपयोगीच पडला. कामगारांची मजुरी, त्यांचे तास, त्यांची घरे यांविषयी दोन्ही कायद्यांत अवाक्षर नव्हते. मी लोकांच्या काळजाचा नेम धरला होता, पण चुकून घाव बसला तो पोटावर, असे सिंक्लेअर यांनी त्याच वर्षी लिहिले. दोष सगळा वाचकांचा होता, असे मात्र मला म्हणवत नाही. कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणांत युर्गिस समाजवादी सभेत जाऊन बसतो आणि त्यानंतर पानेच्या पाने भाषणे चालतात. ज्या माणसासाठी आपण एवढा वेळ हळहळलो तो तिथे निव्वळ श्रोता होऊन राहतो. वाचकाला मग सॉसेज आठवले तर नवल नाही.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये रूझवेल्ट यांनी एका भाषणात, जॉन बन्यनच्या जुन्या रूपककथेतला, हातात दाताळे घेऊन खाली मान घालून केवळ घाण उपसत बसणारा माणूस आठवला आणि भ्रष्टाचार उघडकीला आणणाऱ्या लेखकांना ‘मकरेकर’ हे नाव चिकटले. शिवी म्हणून आलेला हा शब्द पुढे बिरुदासारखा मिरवला गेला. आयडा टार्बेल आणि लिंकन स्टीफन्स हे त्यातले मोठे पत्रकार. सिंक्लेअर यांचे वेगळेपण असे, की त्यांनी हे काम कादंबरीकडून करवून घेतले.

चुकलेला नेम साधण्यासाठी ते नंतर आयुष्यभर पुन्हा पुन्हा धनुष्य उचलताना दिसतात. २० एप्रिल १९१४ रोजी कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंना आग लागली आणि एका खड्ड्यात आसरा घेतलेल्या दोन स्त्रिया व अकरा मुले गुदमरून मेली. सिंक्लेअर दंडाला काळी फीत बांधून न्यूयॉर्कमध्ये, तिथल्या मोठ्या खाणकंपनीचे मालक असलेल्या रॉकफेलर यांच्या कचेरीसमोर मुकाट्याने फेऱ्या घालू लागले, त्यांना अटक झाली, आणि दंड भरण्याऐवजी त्यांनी तुरुंग पत्करला. ‘किंग कोल’ ही १९१७ ची कादंबरी कोलोरॅडोच्या खाणींवरची आहे. ती प्रामाणिक आहे, पण रटाळ आहे. या प्रकरणांची बातमी वर्तमानपत्रांनी कशी दडपली वा विपर्यस्त केली, त्या संतापातून ‘द ब्रास चेक’ हे पुस्तक आले. ब्रास चेक म्हणजे वेश्यागृहात गिऱ्हाइकाने पैसे भरून घ्यायचा पितळी बिल्ला; पत्रकाराच्या पगाराच्या पाकिटातही तोच असतो, असा त्यांचा आरोप होता. हे पुस्तक त्यांनी स्वतःच छापले.

माझ्या मते त्यांची सर्वांत चांगली कादंबरी १९२७ ची ‘ऑइल!’. तिच्या पहिल्याच प्रकरणात बाप आणि मुलगा मोटारीतून भरधाव निघाले आहेत, आणि मुलाला बाप जगातला सर्वांत कर्तबगार माणूस वाटतो. बाप तेलाचा व्यापारी आहे, लाच देतो, आणि तरीही आपल्याला तो आवडत राहतो. भांडवलदाराला राक्षस न करता त्यांनी इथे माणूस ठेवले, आणि म्हणून त्याच्या हातून होणारा अन्याय अधिक खोल बोचतो. लाँग बीचजवळच्या सिग्नल हिलवर तेल लागले तेव्हा सिंक्लेअर यांच्या पत्नीचीही तिथे थोडी जमीन होती, त्यामुळे भाडेकराराच्या बैठकीत सभ्य शेजारी एकमेकांवर कसे तुटून पडतात हे त्यांनी जवळून पाहिलेले होते. बॉस्टन शहरात पुस्तकावर अश्लीलतेचा ठपका आला, तेव्हा आक्षेपार्ह पानांवर, पाश्चात्त्य कलेत नग्नता झाकणाऱ्या अंजिराच्या पानाचे चित्र छापलेली खास आवृत्ती काढून ती त्यांनी बॉस्टनच्या रस्त्यावर उभे राहून विकली.

१९३४ साली, मंदीच्या ऐन कहरात, ते डेमोक्रॅटिक पक्षातर्फे कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले. बंद कारखाने आणि पडीक जमिनी बेकारांच्या हाती द्याव्यात, ही त्यांची योजना होती. मेट्रो-गोल्डविन-मेयर या स्टुडिओने त्यांच्याविरुद्ध बनावट बातमीपट तयार करून चित्रपटगृहांत दाखवले. सिंक्लेअर यांना सुमारे ८ लाख ८० हजार मते पडली, विजयी फ्रँक मेरियम यांना ११ लाखांहून अधिक. या पराभवावरही त्यांनी लगेच पुस्तक लिहिले. एखादी गोष्ट न समजण्यावरच ज्याचा पगार अवलंबून आहे, त्याला ती समजावणे कठीण असते, हे त्यांचे प्रसिद्ध वाक्य त्याच पुस्तकातले आहे. उतारवयात त्यांनी लॅनी बड या नायकाभोवती अकरा कादंबऱ्या रचल्या. त्यांपैकी नाझी राजवटीच्या उदयावरील ‘ड्रॅगन्स टीथ’ला १९४३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

१५ डिसेंबर १९६७ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी राज्यांच्या हद्दीतच विकल्या जाणाऱ्या मांसालाही तपासणीचे नियम लागू करणाऱ्या कायद्यावर सही केली. त्या समारंभाला एकोणनव्वद वर्षांच्या सिंक्लेअर यांना व्हाइट हाउसमध्ये मुद्दाम बोलावण्यात आले होते. पुढच्या नोव्हेंबरात त्यांचे निधन झाले. आयुष्यात दुसऱ्यांदा त्यांच्या नावाने एक कायदा गौरवला जात होता, आणि याही वेळी तो मांसाबद्दलच होता.