चालणं एकदाच मोजा

ठाण्याच्या कचराळी तलावाभोवती सकाळी सहाला चक्कर मारली की तुमच्यातले निम्मे चेहरे तिथे भेटतात. त्यामुळे ‘चाला’ हे सांगायला मी आज आलेली नाही. तुम्ही चालताच. तरी वजनाचा काटा हलत नाही, मग ‘माझा बांधाच असा’ म्हणून तुम्ही सोडून देता, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण पुष्कळदा हिशेब चुकलेला असतो.

नौपाड्यातल्या एक ताई माझ्याकडे आल्या. वय ४८, वजन ७२ किलो, उंची १५५ सेंटिमीटर. तीन महिने रोज तीन किलोमीटर चालत होत्या, खाल्लेला घास न् घास मोबाइलमध्ये लिहीत होत्या. वजन जिथल्या तिथे. सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

आम्ही कागद घेऊन बसलो. मिफ्लिन-सेंट जिओर हे १९९० सालचं सूत्र आहारतज्ज्ञ आजही वापरतात. त्याप्रमाणे ताई दिवसभर नुसत्या पडून राहिल्या, तरी श्वास, हृदय, मेंदू यांनाच सुमारे १२९० कॅलरी लागतात. मोबाइलने विचारलं होतं, हालचाल किती? ताईंनी ‘हलका व्यायाम’ निवडलं, म्हणून १२९० गुणिले त्या हालचालीचा आकडा १.३७५, म्हणजे दिवसाचा खर्च साधारण १७७० झाला. त्यापेक्षा रोज ४०० कमी खायचे, म्हणजे ४०० ची तूट धरून, खाण्याचं लक्ष्य ठरलं १३७०. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी, तेव्हा या गतीने किलोला एकोणीस-वीस दिवस लागायला हवेत. इथवर सगळं ठीक होतं.

पण ते १.३७५ आलं कुठून? चालण्यामुळेच ना! चालणं त्यात आधीच धरलं होतं. मनगटावरचं घड्याळ मात्र रोज ‘२०० कॅलरी जळल्या’ असं सांगायचं, मोबाइल त्या पुन्हा लक्ष्यात मिळवायचा, आणि ताई तेवढं जास्त खायच्या. तूट तिथेच निम्मी झाली. शिवाय घड्याळाच्या आकड्यात तेवढा वेळ खुर्चीत बसून खर्च झाल्या असत्या त्या कॅलरीही येतात. ७२ किलोच्या माणसाला सपाट रस्त्यावर तीन किलोमीटर चालून वरचा खर्च होतो शंभर-सव्वाशेचा. वडापाव अडीचशे-तीनशेचा असतो, हे लक्षात ठेवा.

मग मी त्यांना म्हटलं, उद्या फोडणीची पळी घेऊन या. पळीत पाणी भरलं आणि मापाच्या मोठ्या, १५ मिलिलिटरच्या चमच्याने मोजलं. एक चमचा, दुसरा चमचा, तेव्हा कुठे पळी रिकामी झाली. म्हणजे ३० मिलिलिटर. आणि मोबाइलमध्ये रोज लिहिलं होतं ‘एक मोठा चमचा तेल’! मोठ्या चमचाभर तेलात १२० कॅलरी असतात. दिवसाच्या तीन फोडण्या, प्रत्येकीत एक चमचा जास्तीचा, घरात चार माणसं. न लिहिलेलं तेल माणशी ९० कॅलरींचं झालं. चार पोळ्यांना लावलेलं अर्धा-अर्धा छोटा चमचा तेल कुठेच नव्हतं, ते आणखी ८०. घड्याळाचे दोनशे आणि तेलाचे एकशे सत्तर. ४०० च्या तुटीतून उरले तीस! ताईंनी काही लबाडी केली नव्हती हो. आपल्या घरात तेल कोण मोजतं?

म्हणून दोनपैकी एक वाट धरा. एकतर हालचाल ‘बैठी’ निवडा आणि चाललेलं वेगळं मिळवा, तेही घड्याळ सांगेल त्याच्या निम्मंच. नाहीतर चालणं धरून आकडा घ्या आणि घड्याळाकडे त्यासाठी बघू नका. चार-पाच किलो उतरले की हिशेब पुन्हा करा; ताई ६२ किलोच्या होतील तेव्हा त्यांची गरज दिवसाला १३५ कॅलरींनी कमी झालेली असेल. रोजच्या काट्याने घाबरू नका. खारट खाल्लं, पाळी जवळ आली, की पाणी साठून किलोभर सहज वर जातो. आठवड्याची सरासरी बघा.

एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते. हे ऐकून कुणीतरी उद्यापासून रात्रीचं जेवण सोडेल, आठशे-नऊशेवर येईल. कृपा करून असं करू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणं कमी करूच नका. उपाशी शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडतं. जेवणात डाळ, दही, उसळ, अंडं भरपूर ठेवा, आणि आठवड्यातून दोनदा तरी ताकदीचा व्यायाम करा. जिम लागत नाही. ज्यांचे गुडघे दुखत नाहीत त्यांनी आत्ता छातीवर हातांची घडी घाला आणि खुर्चीवरून उठा, बसा. दहा वेळा. मी मोजते.