कडाक् आवाज आणि कमरेचा घेर

(एका व्याख्यानमालेत फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? आधीच सांगून ठेवते, बसून बसून पाठ अवघडली तर खुशाल उठा आणि मागे भिंतीपाशी उभे राहा. मला अजिबात राग येणार नाही. पाठदुखीवरच्या व्याख्यानात लोक कंबर धरून बसलेत हे काही बरं दिसत नाही.

मोबाइलवरचे ते व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. टेबलावर कुणीतरी पालथं झोपलंय, उपचार करणारा पाठीवर दोन्ही तळहात ठेवतो, एक झटका आणि कडाक्! मानेला टॉवेल गुंडाळून ओढतात तेव्हा तर आवाज नीट टिपला जावा म्हणून माइकही लावलेला असतो. झोपलेला माणूस हसतो, कधी रडतो. खाली लिहिलेलं असतं: पाठदुखी गेली, ॲसिडिटी गेली, थायरॉइड सुधारलं. हल्ली त्यात भर पडली आहे, वजन उतरलं. आता पेशंट दवाखान्यात येऊन विचारतात, "मॅडम, मणके बसवून घेतले की मेटाबॉलिझम वाढतं म्हणतात, खरं का?" मेटाबॉलिझम म्हणजे शरीर ऊर्जा जाळतं तो वेग. आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाचं उत्तर आहे. उत्तर 'नाही' असंच आहे, पण नुसतं 'नाही' ऐकायला तुम्ही एवढ्या उन्हात आला नसाल.

या उपचाराला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. सुरुवात अमेरिकेतली, आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावची, १८९५ सालची. डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ तिथे 'चुंबकीय उपचार' करत, म्हणजे हात फिरवून रोग उतरवत. त्याच इमारतीत हार्वी लिलार्ड हा सफाईकाम करणारा माणूस होता, त्याला बरीच वर्षं नीट ऐकू येत नव्हतं. पामरना त्याच्या पाठीत एक उंचवटा दिसला, त्यांनी जोर देऊन मणका 'जागेवर' बसवला आणि लिलार्डला ऐकू येऊ लागलं, असं ते सांगत. आता शरीररचनेचं पहिल्या वर्षाचं पुस्तक उघडा. ऐकण्याची नस मेंदूपासून कवटीच्या आतल्या आतच कानापर्यंत जाते. पाठीच्या कण्यात ती उतरतच नाही. पण पामरनी या एका अनुभवावर सिद्धांत उभा केला, १८९७ मध्ये शाळा काढली, आणि १९१०च्या ग्रंथात लिहून टाकलं की ९५ टक्के रोगांचं मूळ सरकलेल्या मणक्यांत असतं. मधल्या काळात, १९०६ साली, विनापरवाना वैद्यकी केली म्हणून ते तुरुंगातही जाऊन आले.

हा इतिहास सांगायचं कारण आहे. ९५ टक्के रोग मणक्यांतून येत असतील तर लठ्ठपणाही तिथूनच यायला हवा! आजच्या जाहिरातीतलं 'नसांचा प्रवाह मोकळा करा, चरबी आपोआप जळेल' हे वाक्य त्या १९१०च्या पुस्तकाचं पणतवंड आहे. गंमत म्हणजे खुद्द त्या व्यवसायाचं नियमन करणाऱ्या ब्रिटनच्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलने २०१० मध्ये जाहीर केलं की मणका सरकल्यामुळे रोग होतात किंवा तब्येतीच्या तक्रारी उद्भवतात, या दाव्याला संशोधनाचा आधार नाही.

कुणी सांगतं, "अमेरिकेत कोर्टानेच मान्यता दिलीय." १९८७चा तो निकाल अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या विरोधात गेला हे खरं. पण डॉक्टरांच्या या संघटनेने कायरोप्रॅक्टरांवर टाकलेला बहिष्कार स्पर्धेच्या कायद्यात बसत नाही, एवढाच तो निकाल होता. उपचाराने गुण येतो की नाही, यावर न्यायाधीशांनी शिक्का मारला नव्हता.

बरं, मग तो आवाज कसला? मणका सरकून जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे. दोन मणक्यांच्या मागच्या बाजूला छोटे सांधे असतात, त्यांत थोडा द्रव असतो. सांधा झटक्याने ताणला की आतला दाब एकदम उतरतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते, तो हा कडाक्. बोटं मोडताना होतो तोच. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एमआरआय यंत्रात बोट ओढून ती पोकळी तयार होताना चित्रित केली. एकदा बोट मोडलं की पुढची वीसेक मिनिटं ते पुन्हा वाजत नाही, ते याच कारणाने. बोटं मोडली की संधिवात होतो असं आपल्या आज्या सांगायच्या. तशीच तंबी लहानपणी मिळालेले अमेरिकेतले डोनाल्ड उंगर हे डॉक्टर साठ वर्षं फक्त एकाच हाताची बोटं मोडत राहिले. दोन्ही हात सारखेच निघाले आणि २००९ मध्ये त्यांना इग नोबेल हे विनोदी पारितोषिक मिळालं. एका माणसाचा प्रयोग म्हणजे पुरावा नव्हे, पण चिकाटी बघा!

मी कायरोप्रॅक्टिकची नुसती टिंगल करून खाली बसले तर तेही अप्रामाणिकपणाचं होईल. नुकत्याच धरलेल्या कमरेवर हाताने मणके हलवण्याच्या उपचाराने थोडा आराम पडतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गोळ्यांच्या आधी करून बघायच्या उपायांत शेक, मालिश, ॲक्युपंक्चर यांच्या जोडीला त्याचं नाव आहे. आम्ही फिजिओथेरपिस्टसुद्धा ते तंत्र वापरतो. फायदा आहे, पण बेताचा. शेकाच्या पिशवीशेजारी बसणारा उपाय आहे हा, थायरॉइडच्या गोळीशेजारी बसणारा नाही.

आपल्याकडे कमरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. इथे कुणी पायाळू आहे का? बघा, दोन हात वर झाले! तुमच्याकडे लोक येतात आणि बरे होऊन जातात, हे मी नाकारत नाही. पण उसण बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपली आपणच उतरते. पायाळूचा पाय लागला, कायरोप्रॅक्टरचा झटका बसला किंवा आजीने एरंडाचं पान बांधलं, श्रेय शेवटी ज्याचा हात लागला त्याला मिळतं. फरक एवढाच की पायाळू माणूस चोवीस बैठकांचं पॅकेज आगाऊ पैसे घेऊन विकत नाही.

त्या पॅकेजबरोबर एक भीतीही विकली जाते: "तुमच्या मणक्यात गॅप आहे." हा 'गॅप' महाराष्ट्रात घराघरांत आहे! २०१५ मध्ये एका मोठ्या आढाव्यात कसलंही दुखणं नसलेल्या लोकांचे स्कॅन तपासले. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. न दुखणाऱ्या लोकांच्या! केस पांढरे होतात तशा गाद्या झिजतात. तेव्हा रिपोर्टमधला 'गॅप' वाचून वाकणं, चालणं, नातवाला उचलणं बंद करू नका. चालणं बंद झालं की स्नायू जातात, आणि खरं दुखणं तिथून सुरू होतं.

आता पोटाकडे वळते. पाठ आणि वजन यांचं नातं आहेच. ते नसांच्या 'प्रवाहा'तून जात नाही, वजनातून जातं, सरळ. गुडघ्याचं उदाहरण सगळ्यात स्वच्छ मोजलेलं आहे. गुडघ्याचा संधिवात असलेल्या जाड लोकांवरच्या २००५च्या अभ्यासात दिसलं, वजन एक किलोने उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी होतो. स्टेशनपर्यंत किती पावलं पडतात ते तुम्हीच मोजा.

"पण मी कुठे जाड आहे?" हा आपला लाडका प्रश्न. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. शेजारी ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपली ठेवण. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त धरतात. त्याहून सोपं म्हणजे शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत हवा, बायकांचा ८०च्या.

वजन उतरवण्याच्या फॅशन्स येतात आणि जातात. त्यातल्या एकीचा आपल्या मुंबईशी संबंध आहे. डॉ. अल्बर्ट सिमियन्स यांनी अनेक वर्षं भारतात, मुंबईत काम केलं. मग ते रोमला गेले आणि १९५४ मध्ये त्यांनी एक उपचार मांडला: गर्भारपणात तयार होणाऱ्या एचसीजी या हार्मोनची रोज सुई आणि दिवसाला ५०० कॅलरी आहार. वजन उतरलं, का नाही उतरणार? ५०० कॅलरी म्हणजे उपासमारच. नंतर खऱ्या सुया आणि खोट्या सुया देऊन तुलना झाली तेव्हा दोन्हीकडे सारखंच वजन उतरलं. तरीही अर्ध्या शतकानंतर अमेरिकेत त्याचे थेंब विकले जात होते, काही कायरोप्रॅक्टरांच्या दवाखान्यांतूनसुद्धा, आणि २०११ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला विक्रेत्यांना ताकीद द्यावी लागली. जो मणके बसवतो तोच थेंब, पावडर आणि 'डिटॉक्स' विकत असेल तर पाकीट खिशातच राहू द्या.

आपल्याकडे दुसरा वाद रंगतो. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेलं आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवलेलं 'दिवसातून दोनदाच जेवा' बरोबर, की दर दोन तासांनी थोडंथोडं खा हे बरोबर? घराघरांत यावरून भांडणं झाली आहेत, सासू दोनदावाली आणि सून दोन तासवाली. माझं मत सांगते. वजनाच्या बाबतीत एकूण पोटात किती गेलं ते बघा, घड्याळ नंतर. दोनदा जेवून मधला चिवडा सुटत असेल तर दोनदा जेवा. दोनदा जेवायचं म्हणून ताटात दुप्पट वाढून घेत असाल तर उपयोग शून्य. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा हलवायच्याच नाहीत. साखर खाली गेली तर जिवावर बेतू शकतं.

मला जास्त काळजी दुसरीच वाटते. वजन घाईघाईने उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही उतरतात, आणि पाठीला धरून ठेवतात ते स्नायूच. काटा खाली आला आणि कंबर मात्र जास्त दुखायला लागली, असे पेशंट मी पाहते. म्हणून खाणं कमी करताना प्रथिनं कमी करू नका. निरोगी मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नासेक ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशेब वेगळा, तो डॉक्टरांकडून घ्या. आपल्या ताटात बघा. पातळ आमटीच्या वाटीत डाळ किती, आणि पाणी किती? मूठभर कोरड्या मटकीच्या उसळीत सहा-सात ग्रॅम, अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात, ज्वारीच्या भाकरीत पाचेक. पिठलं-भाकरीला नावं ठेवू नका, बेसनात चांगली प्रथिनं आहेत; फक्त फोडणीला पळी कमी. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे जवळपास १२० कॅलरी, आणि आपण तो मोजतच नाही, तेलाची बरणी कढईवर थेट वाकवतो.

आणि उपवास! शंभर ग्रॅम साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी आणि प्रथिनं जवळजवळ नाहीतच. त्यावर तूप, बटाटा, वर दाण्याचं कूट. 'एकादशी दुप्पट खाशी' हे आपल्या पूर्वजांनी कॅलरी मोजायच्या आधीच ओळखलं होतं. राजगिरा, भगर, ताक यांच्यावर एकादशी निभते. चहाचंही तेच, चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, झाल्या दीडशे कॅलरी. तेवढ्या जाळायला अर्धा तास भरभर चालावं लागतं. सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू घेता ना? घ्या, चव छान असते. चरबी त्याने वितळत नाही, मधाच्या कॅलरी मात्र पोटात जातात.

आता प्रश्न घेऊ. हां, काका, तुम्ही विचारा... "सुनेने पॅकेज घेतलंय, सोडायला सांगू का?" भांडू नका. ते गृहस्थ कुठे शिकलेत, कोणत्या परिषदेकडे नोंद आहे, एवढं विचारायला सांगा. आमच्या व्यवसायासाठी महाराष्ट्रात राज्य परिषद आहे. भारतात कायरोप्रॅक्टरांसाठी तशी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. बाहेरदेशी रीतसर पदवी घेऊन आलेलेही काही आहेत आणि व्हिडिओ बघून शिकलेलेही, टेबलावर झोपल्यावर फरक कळत नाही. हाडं ठिसूळ असतील, कॅन्सर होऊन गेला असेल, तर झटका कुणाकडूनच घ्यायचा नाही. कमरेबरोबर लघवी-शौचाचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडत असेल तर कुठलाही मसाज न करता त्याच दिवशी हॉस्पिटल.

शेवटचा प्रश्न, ताई. "आमचे हे सलूनमध्ये दाढी झाली की मान मोडून घेतात, ते चालतं का?" नाही चालत. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांमधून वर जातात. मान झटक्याने पिळली तर धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी धरते आणि लकवा होतो. हे क्वचित होतं, पण तरुण माणसालाही होतं. मान मोडल्यावर मानेत नवीनच तीव्र कळ, चक्कर, बोलताना अडखळणं, एकाचं दोन दिसणं, चालताना झोक जाणं, यातलं काहीही झालं तर घरी आणून झोपवू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलात न्या आणि मान कधी मोडली ती वेळ डॉक्टरांना सांगा. चंपी करून घ्यायला माझी काही हरकत नाही.