घाम वाळत नाही तेव्हा

नमस्कार, श्रोतेहो.

पहाटे साडेपाचला फोंड्याहून निघायचं, फर्मागुडीचा चढ चढायचा, मार्दोळला देवळापर्यंत जाऊन परत यायचं, हा आमच्या धावणाऱ्या मंडळींचा ठरलेला रस्ता. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू येतो तेव्हा आम्ही परतीच्या वाटेवर असतो. गेल्या रविवारी तिथंच गटातली एक मुलगी रडवेली होऊन थांबली. म्हणाली, "सर, जानेवारीत मी किलोमीटरला सहा मिनिटांनी धावत होते. आता पावणेसातसुद्धा जमत नाही. माझी सगळी मेहनत गेली."

तिची मेहनत कुठंही गेलेली नाही. मे महिना आला आहे, एवढंच झालंय. पण तेवढ्यावरून पुष्कळ जण मन खट्टू करून धावणं सोडतात, किंवा जुना पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारा वेळ, गाठायच्या हट्टापायी आजारी पडतात, म्हणून आज मी इथं बोलायला बसलो आहे.

धावताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिच्यातली जेमतेम पाव हिस्सा हालचालीच्या कामी येते. बाकीची उष्णता होते. साठ किलो वजनाचा माणूस दहा किलोमीटर धावला की साधारण सहाशे किलोकॅलरी खर्च होतात, म्हणजे साडेचारशेच्या आसपास नुसती उष्णता. ती बाहेर पडलीच नसती, तर अंगाचं तापमान आठ-नऊ अंशांनी चढलं असतं. ती बाहेर काढतो घाम. एक लिटर घाम कातडीवरून वाळला की सुमारे पाचशे ऐंशी किलोकॅलरी सोबत घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे. हनुवटीवरून टपकून रस्त्यावर पडलेला घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता अंगातच राहते. आपल्याकडे गोव्यात मे महिन्यात पहाटेसुद्धा हवेत इतकी वाफ असते की घामाला वाळायला जागाच उरत नाही.

मग हृदयावर दोन कामं येतात. पायांना रक्त पुरवायचं आणि अंग थंड करण्यासाठी कातडीकडेही पाठवायचं. घामामुळे रक्तातलं पाणी कमी होत जातं, म्हणून प्रत्येक ठोक्याला कमी रक्त पुढे ढकललं जातं आणि ठोके वाढतात. पेस तोच ठेवला तरी अर्ध्या तासानंतर नाडी चढत जाते, ती यामुळे.

हे जगातल्या उत्तम धावपटूंनाही चुकलेलं नाही. 2019 साली दोहाच्या जागतिक स्पर्धेत उन्हाच्या भीतीनं महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री ठेवली होती. तरी पारा तिशीच्या वर आणि दमट हवा. 68 जणी निघाल्या, 40 जणींनी शर्यत पुरी केली. जिंकणाऱ्या धावपटूला 2 तास 32 मिनिटं 43 सेकंद लागले. तिनंच त्याच वर्षी जानेवारीत दुबईला 2 तास 17 मिनिटं 8 सेकंदांत मॅरेथॉन धावली होती. आमच्या मुलीला मी हेच सांगितलं, आणि तिचा चेहरा जरा उजळला.

हवामानाच्या ॲपवर आर्द्रतेची टक्केवारी बघून फसू नका. जानेवारीतल्या पहाटेही ती नव्वदच्या घरात दिसते, पण थंड हवेत मुळात वाफ कमी मावते. दवबिंदू बघा, म्हणजे हवा किती गार झाली की तिच्यातल्या वाफेचं दव होऊ लागतं ते तापमान. तो वीस अंशांच्या वर गेला की धावणं जड होतं, चोवीस-पंचवीसला पोचला की पेस विसरायचा. मे महिन्यात आपल्याकडे तो बहुधा तिथंच असतो.

मग धावायचं कशावर? श्वासावर. सोप्या दिवशी शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. माझ्या अनुभवात त्यासाठी किलोमीटरमागे वीस ते चाळीस सेकंद सोडावे लागतात, कुणाला त्याहून जास्त. जोराचे तुकडे मारायचे असतील तर मधली विश्रांती वाढवा. आणि धीर धरा. रोज थोडं थोडं धावलात तर दहा-चौदा दिवसांत शरीर बदलतं. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं.

मीठ म्हटल्यावर एक सांगतो. लांब धावताना नुसतं पाणी पीत सुटू नका, रक्तातलं सोडियम धोकादायक इतकं उतरू शकतं. तहान लागेल तसं प्या. घरी आल्यावर उकड्या तांदळाची पेज आणि तोरांचं, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचं, लोणचं, याहून चांगलं मला काही ठाऊक नाही.

पणजीला समुद्रकाठानं मिरामारहून दोनापावलाच्या बाजूला धावणाऱ्यांनी वारा लक्षात ठेवावा. समोरून येणारा वारा जेवढी सेकंदं खातो, तेवढी पाठीवरून परत देत नाही. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, तेव्हा जाताना जोर काढू नका.

जूनमध्ये पाऊस लागला की पेस पुन्हा थोडा सुधारेल, कारण ऊन नसतं आणि पावसाचं पाणी अंगावरून उष्णता घेऊन जातं. तेव्हा चिऱ्यांच्या पायऱ्यांवरचं शेवाळ सांभाळा आणि वीज कडाडत असेल तर बाहेर पडू नका.

आणि सोबतचा कुणी धावता धावता असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, तर त्याला सावलीत आडवं करा, रुग्णवाहिकेसाठी 108 लावा, आणि ती येईपर्यंत मिळेल त्या गार पाण्यानं त्याला भिजवत राहा. विहिरीचं, नळाचं, कसलंही पाणी चालेल. शुद्ध पुरती नसेल तर तोंडात पाणी घालू नका. अंग गार होण्यातलं प्रत्येक मिनिट मोलाचं असतं.

रविवारी आम्ही पुन्हा साडेपाचला निघतोय. त्या मुलीनं घड्याळ घरी ठेवून यायचं कबूल केलंय. नमस्कार.