खीरगंगेच्या कुंडात उतरताना

श्रोतेहो, नमस्कार. हिमाचलच्या पार्वती खोऱ्यात, २,९०० मीटरहून अधिक उंचीवर खीरगंगेचं गरम पाण्याचं कुंड आहे. आपल्याकडचे ट्रेकर तिथली वाट बारकाईने विचारून घेतात. पाण्यात कसं उतरायचं हे मात्र कुणी विचारत नाही, आणि त्रास होतो तो नेमका तिथे.

वाटेचं थोडक्यात सांगते. गाडीरस्ता बरशैणीला संपतो. पुढे दहा-बारा किलोमीटर पायी, चार-पाच तासांची चढण. नकथान गाव आणि रुद्रनाग धबधब्यावरून जाणारी वाट धरा. कलगा गावाकडची जंगलवाट देखणी आहे, पण तिथे माणसं चुकतात. नऊच्या आत निघा. रोकड खालीच काढून सोबत घ्या आणि मुक्कामाची सोय बरशैणीत विचारून घ्या, कारण वरच्या तंबूंचे नियम बदलतात. पावसाळ्यात जाऊच नका, दरडी कोसळतात.

आता कुंड. चढून आल्या आल्या पाण्यात शिरायचं नाही. घामाने अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. त्यात गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. अर्धा तास बसा, दोन-तीन पेले पाणी प्या, थोडं खा. चांदीचे दागिने काढून ठेवा, अशा पाण्यातल्या गंधकाने ते काळे पडतात. अंग आधी बाहेरच धुवा, कुंडात साबण अजिबात नको. बायकांसाठी वेगळं, आडोशाचं कुंड आहे.

काठावर बसून पोटऱ्या बुडवा. दोन मिनिटांनी कमरेपर्यंत उतरा, छाती सगळ्यात शेवटी. दहा मिनिटं पुष्कळ झाली. छातीत धडधडलं तर त्याआधीच बाहेर या, पण झटकन उभं राहू नका, काठावर टेका. हृदयविकार असेल किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दारू पिऊन तर मुळीच नको.

कपड्यांची घडी उतरण्याआधीच लावून ठेवा: सगळ्यात वर पंचा, खाली कोरडा बनियन, मग स्वेटर, कानटोपी. वरचा वारा बोचरा असतो. ओल्या अंगाने पिशवी धुंडाळत बसलात की हुडहुडी भरलीच.

परतताना वाटेतल्या मणिकरण गावात थांबा. तिथलं पाणी जवळजवळ उकळतं असतं. तांदळाची पुरचुंडी दोरीला बांधून कुंडात सोडतात आणि भात शिजून वर येतो. त्या कुंडात बोटसुद्धा घालू नका. आंघोळीची कुंडं वेगळी आहेत, त्यांत गार पाणी मिसळलेलं असतं. तरीही आधी पाय घालून बघा, मगच उतरा.