सहा पेशींचा स्पर्श

नमस्कार श्रोतेहो. भुवईचा एक केस दातकोरणीच्या टोकाला चिकटवला, की गोलकृमीची स्पर्शचाचणी घ्यायचं साधन तयार होतं. सी. एलेगन्स हा कृमी जेमतेम एक मिलिमीटर लांब आणि काचेसारखा पारदर्शक. डोक्यामागे केस हलकेच फिरवला की तो मागे सरकतो, शेपटीजवळ फिरवला की पुढे पळतो. केस नाकाला लागू द्यायचा नाही; तिथला स्पर्श वेगळ्या चेतापेशी ओळखतात. एकाच जागी वारंवार डिवचलं तर कृमी सरावतो, म्हणून एकदा डोक्याकडे, एकदा शेपटीकडे, असे मिळून दहा स्पर्श. प्रतिसादच आला नाही, तर प्लॅटिनमच्या तारेनं जोरात टोचून बघायचं. तेव्हा हलला तर स्नायू ठीक आहेत, दोष स्पर्शपेशींत.

उभयलिंगी कृमीत चेतापेशी ३०२, आणि हलका स्पर्श ओळखणाऱ्या त्यांतल्या फक्त सहा. त्या सहांना वेगळं कोण काढतं? जीवशास्त्रज्ञ मार्टिन चाल्फी आणि सहकाऱ्यांनी स्पर्श न कळणारे कृमी वेचून हे शोधलं. त्या कृमींत बिघडलेल्या जनुकांपैकी दोन इथे महत्त्वाची: अंक-८६ (unc-86) आणि मेक-३ (mec-3). अंक-८६ बिघडलं तर स्पर्शपेशी जन्मतच नाहीत. पेशीविभाजनात मातृपेशीच पुन्हा पुन्हा बनत राहते. मेक-३ बिघडलं तर पेशी जन्मते, पण स्पर्शपेशीची लक्षणं तिच्यात येत नाहीत.

दोन्ही जनुकांची प्रथिनं डीएनएवर बसून इतर जनुकं चालू करतात. अंक-८६ आधी मेक-३ ला जागं करतं. मग दोघं जोडीनं मेक-३ चालू ठेवतात, आणि मेक-७ व मेक-४ सुद्धा. मेक-७ पासून पेशीतल्या सूक्ष्मनलिकांचं प्रथिन बनतं, मेक-४ पासून स्पर्शानं उघडणाऱ्या आयन-वाहिनीचा, म्हणजे विद्युतभारित कणांना पेशीत वाट देणाऱ्या दाराचा, भाग. १९९४ साली चाल्फींनी जेलीफिशचं हिरवं चमकणारं प्रथिन मेक-७ च्याच नियंत्रणाखाली ठेवलं, तेव्हा जिवंत कृमीत स्पर्शपेशी उजळलेल्या दिसल्या.

इथे एक पेच आहे, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. अंक-८६ तब्बल ५७ चेतापेशींत असतं, मेक-३ दहांत. म्हणजे मेक-३ असूनही चार पेशी स्पर्शपेशी होत नाहीत. त्यांतल्या डोक्याकडच्या दोन, एफएलपी नावाच्या. तिथे ईजीएल-४४ आणि ईजीएल-४६ ही दोन प्रथिनं स्पर्शपेशीची जनुकं दाबून धरतात. त्यांतलं एकही बिघडलं, की एफएलपीमध्ये मेक-७ आणि मेक-४ चालू होतात.